‘मॅड’चे दोन अर्थ आणि मराठवाड्याचं पाणी

पाऊस परतीला लागला की मराठवाड्यात दरवर्षी तोच वाद पेटतो. एक बाजू टक्केवारी पुढे करते: जिल्ह्यात सरासरीच्या १०४ टक्के पाऊस झाला, मग दुष्काळ कसला? दुसरी बाजू शेताकडे बोट दाखवते: सोयाबीन फुलात असताना तीन आठवडे थेंब नव्हता, काढणीला आल्यावर दोन रात्रींत सगळं पाण्याखाली गेलं, मग ते टक्के घेऊन करायचं काय? तिसरा आवाज बहुधा लांबून येतो. पाऊस कितीही पडू द्या, हे लोक हजार फूट बोअर पाडणार, ऊस लावणार आणि मार्चमध्ये टँकर मागणार. हा शुद्ध वेडेपणा आहे, असं त्याचं म्हणणं. पहिल्या दोघांचं भांडण मोजमापाचं आहे, पण पट्टी कोणती धरायची हे दोघंही बोलत नाहीत. तिसऱ्याचं बोलणं माणसांच्या वागण्याबद्दल आहे, पण त्या वागण्यामागचं गणित त्याने मांडून पाहिलेलं नसतं.

या दोन्ही उणिवा इंग्रजीतल्या एकाच संक्षेपाशी येऊन मिळतात. एम, ए आणि डी. संख्याशास्त्रात मॅड म्हणजे ‘मीडियन ॲब्सोल्यूट डेव्हिएशन’, मध्यकापासून (आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर बरोबर मधे येणाऱ्या आकड्यापासून) प्रत्येक आकडा किती दूर आहे त्या अंतरांचा मध्यक. लष्करी भाषेत मॅड म्हणजे ‘म्युच्युअल ॲश्युअर्ड डिस्ट्रक्शन’, तू मला संपवलंस तर मरता मरता मीही तुला संपवीन याची दोन्ही बाजूंना असलेली खात्री. मराठवाड्याच्या पाण्याचा प्रश्न नीट समजायचा तर दोन्ही अर्थ लागतात. आज आपण पहिला वापरतच नाही आणि दुसरा उलटा वापरतो. माझं म्हणणं एवढंच की, पहिल्या मॅडची शिस्त अंगी आल्याशिवाय दुसऱ्या मॅडच्या कचाट्यातून गावं सुटणार नाहीत.

आधी संक्षेपाचा गुंता सोडवू, कारण तो निरुपद्रवी नाही. संख्याशास्त्रातच मॅड हे नाव आणखी एका मापाला आहे: सरासरीपासूनच्या अंतरांची सरासरी. एक्सेलमधलं ‘एव्हडेव्ह’ हे फंक्शन हेच माप देतं. उलट ‘आर’ या संगणकीय भाषेतलं ‘मॅड’ हे फंक्शन मध्यकाचं माप देतं, तेही न सांगता १.४८२६ ने गुणून. एकाच आकडेवारीवर दोन कार्यालयांनी ‘मॅड’ काढला तर उत्तरं जुळणार नाहीत आणि दोघांनाही आपलंच बरोबर वाटेल. नौदलात तर मॅड म्हणजे चुंबकीय विसंगती शोधणारं यंत्र. भारतीय नौदलाच्या पी-८आय विमानांच्या शेपटाकडे ते बसवलेलं असतं आणि पृथ्वीच्या नेहमीच्या चुंबकीय क्षेत्रात लोखंडी पाणबुडीमुळे पडणारा बारीक फरक ते टिपतं. नेहमीचं काय ते आधी पक्कं ठरवायचं, मग त्यातून वेगळं काय ते ओळखायचं. संख्याशास्त्रातला मॅडही हेच काम करतो.

आता पाऊस. एका महसूल मंडळाचा नऊ वर्षांचा पावसाळी पाऊस मिलिमीटरमध्ये असा धरू. आकडे समजण्यापुरते आहेत: ७१०, ६४०, ३८०, ६९०, ७२०, ३४०, ६६०, ११८०, ६५०. सरासरी येते ६६३. चढत्या क्रमाने लावले की मधला, पाचवा आकडा ६६०, हा मध्यक. दोन्ही जवळपास सारखे, इथवर भांडण नाही. भांडण सुरू होतं ते ‘एवढं वर-खाली व्हायचंच’ हे ठरवताना. प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीचा पसारा मोजायचं रूढ माप, काढलं तर ते २३९ येतं. त्या हिशेबाने ४२४ ते ९०२ पर्यंतचं सगळं नेहमीचंच, आणि ३८० मिलिमीटरचं करपलेलं वर्ष सरासरीच्या खाली जेमतेम १.२ विचलनांवर. कुठल्याही रूढ कसोटीत ते वर्ष असामान्य ठरत नाही. आता मॅड काढा. चिन्ह सोडून ६६० पासूनची अंतरं घ्या: ५०, २०, २८०, ३०, ६०, ३२०, ०, ५२०, १०. ती चढत्या क्रमाने लावून मधलं उचला: ५०. प्रमाण विचलनाशी ताडून पाहता यावं म्हणून १.४८२६ ने गुणा: ७४. ३८० चं वर्ष मध्यकाच्या २८० ने खाली आहे, म्हणजे जवळपास ३.८ पट. तेच वर्ष, तेच मंडळ, पण आता ते सरळ उठून दिसतं.

असं का झालं? पहिल्या हिशेबात ११८० च्या अतिवृष्टीने पट्टीच ताणली. प्रमाण विचलनात अंतराचा वर्ग होतो, त्यामुळे एक मोठा आकडा बाकी आठांवर भारी पडतो. ते एक वर्ष ११८० ऐवजी ७०० चं असतं तर विचलन २३९ वरून १४५ वर उतरलं असतं. मॅड ५० वरून फक्त ४० वर आला असता. म्हणजे पूर आलेलं वर्ष दुष्काळाच्या वर्षाला आपल्या आड लपवतं. ज्या प्रदेशात २०१५ साली पावसाळ्यात सुमारे ४० टक्के तूट पडते, २०२३ चा ऑगस्ट कोरडा जातो आणि २०२५ च्या सप्टेंबरात बीड, धाराशिव, लातूर, नांदेडची शिवारं पाण्याखाली जातात, तिथे ही बारीक तांत्रिक गोष्ट राहत नाही.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे. सरकारी कसोटी प्रमाण विचलनाची नाहीच, टक्क्यांची आहे: सरासरीपेक्षा १९ टक्क्यांपर्यंत कमी-जास्त म्हणजे ‘सामान्य’, २० ते ५९ टक्के कमी म्हणजे ‘तूट’. त्या कसोटीत ३८० मिलिमीटर तूटच ठरते. खरं आहे. पण टक्क्यांची कसोटी जागोजागची चंचलता बघतच नाही. वरच्या मंडळात ५४० मिलिमीटर पाऊस झाला तर तो १८.६ टक्के कमी, म्हणून सामान्य. त्या मंडळाची नेहमीची सहा वर्षं ६४० ते ७२० च्या दरम्यान आहेत. ५४० तिथे नेहमीचा नाही. आणि एकोणीस टक्क्यांची तीच रेघ कोकणालाही, जिथे पावसाचा आकडाही वेगळा आणि त्याचं हेलकावणंही वेगळं.

त्याहून मोठी गडबड जिल्ह्याच्या आकड्यात होते. समजा दहा मंडळांपैकी आठांत ऑगस्टभर ५० मिलिमीटर पाऊस झाला आणि दोन मंडळांत ढग फुटून ३५०. सरासरी ११० मिलिमीटर येते, आणि ११० मिलिमीटर पाऊस एकाही मंडळात पडलेला नसतो. मध्यक ५० येतो आणि तो दहापैकी आठ मंडळांची अवस्था सांगतो. उरलेल्या दोन मंडळांत २४ तासांत ६५ मिलिमीटरची अतिवृष्टीची मर्यादा ओलांडली म्हणून पंचनामे सुरू असतात. एकाच जिल्ह्यात ओला आणि कोरडा दुष्काळ शेजारी शेजारी असतात आणि बातमीत येतो तो ११० चा आकडा. २०१६ च्या केंद्रीय दुष्काळ संहितेत पावसाचा खंड, पिकांची हिरवाई, जमिनीतली ओल, भूजल हे सगळं धरलेलं आहे, हे मान्य करायलाच हवं. ती संहिता आपल्या चर्चेपेक्षा पुष्कळ शहाणी आहे. पण सभेत, सभागृहात, पडद्यावर वाद होतो तो टक्क्यांवरच.

दुसरा आक्षेप आणखी जोरदार आहे, आणि तो मध्यकाच्या मर्मावर बोट ठेवतो. पाणी साठवायचं असेल तर बेरीज लागते. अतिवृष्टीच्या वर्षी आलेलं पाणी खरोखर आलेलं असतं. धरण आखणाऱ्याला ते टाळून चालत नाही. नऊ वर्षांची सरासरी गुणिले नऊ केलं की एकूण पाणी मिळतं, मध्यकाला नवाने गुणून काहीच हाती लागत नाही. हे शंभर टक्के बरोबर आहे. म्हणून पाणी किती आलं हे सांगायला सरासरीच हवी. यंदाचं वर्ष या शिवाराला नेहमीचं होतं का, हे विचारायला मध्यक आणि मॅड हवेत. वाद बिघडतो तो दुसऱ्या प्रश्नाला पहिल्याचं उत्तर दिल्यामुळे.

तिसरा आक्षेप जाणकारांचा. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टन यांनी साध्या अंतरांच्या सरासरीची बाजू घेतली, तेव्हा १९२० मध्ये संख्याशास्त्रज्ञ फिशर यांनी सिद्ध केलं की आकडे अचूक घंटाकार वक्रात बसत असतील, म्हणजे मध्याजवळ दाट आणि दोन्ही बाजूंना सारखे विरळ होत असतील, तर प्रमाण विचलनच सरस. मध्यकावरचा मॅड तर तशा आदर्श आकडेवारीत आणखी कमकुवत. त्याची कार्यक्षमता, म्हणजे आकड्यांतली माहिती वापरून घेण्याची ताकद, फक्त ३७ टक्के. पुढे १९६० मध्ये संख्याशास्त्रज्ञ ट्यूकी यांनी दाखवलं की हजारात दोन आकडे जरी भलत्याच पसाऱ्यातून आले, तरी एडिंग्टन यांचं माप वरचढ ठरतं. मराठवाड्याचा पाऊस आदर्श घंटेत बसतो असं म्हणायला कोण धजेल? मॅडला निम्म्याच्या जवळपास आकडे बिघडले तरी चालतात. प्रमाण विचलन एका आकड्याने कोलमडतं. मात्र मॅडची एक खोड ठाऊक हवी. रोजच्या पावसावर तो लावू नका. निम्म्याहून जास्त दिवस कोरडे असतील तर मध्यक शून्य, मॅडही शून्य आणि पुढचा भागाकार अशक्य. पावसाळी हंगामाची बेरीज घ्या, किंवा मंडळामंडळांतली तुलना करा.

इथवरचं सगळं पावसाचं झालं. खरी निकड जमिनीखालच्या पाण्याची आहे, आणि तिथे दुसरा मॅड येतो.

१९६० च्या दशकात अमेरिकेचे संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅकनमारा यांनी ‘खात्रीशीर विनाशा’ची भाषा रुळवली: पहिला घाव सोसूनही प्रतिस्पर्ध्याला नष्ट करण्याची ताकद आपल्याकडे उरली पाहिजे. त्याला ‘परस्पर’ हे विशेषण जोडून आद्याक्षरं जुळवली ती डोनाल्ड ब्रेनन या टीकाकाराने, हे धोरणच वेडं आहे हे दाखवण्यासाठी. म्हणजे हा शब्द शिवी म्हणून जन्मला. बोअर पाडणाऱ्या शेतकऱ्याला वेडा म्हणणारे नकळत तीच शिवी पुन्हा देतात, आणि ब्रेनन यांच्या टीकेतला गाभा हरवून बसतात: यात वेडी ठरते ती मांडणी. त्या मांडणीत सापडलेली माणसं आपापल्या जागी शहाणपणाने वागत असू शकतात.

शेजाऱ्याने ३०० फुटांवर दोन इंच पाणी काढलं की आपल्या १५० फुटांच्या बोअरचं पाणी उतरतं. विहिरीला आडवे बोअर मारून पाहिले जातात, ते एक उन्हाळा पुरतात. मग आपण ५०० वर जातो. तो ७०० वर. लातूर भागात २०१६ च्या टंचाईत हजार फुटांच्या गोष्टी चालल्या होत्या, त्या याच शर्यतीतून. त्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आणावी लागली. पहिल्या फेरीत दहा वाघिणी, पाच लाख लिटर. या शर्यतीत एकटा थांबणारा काय मिळवतो? त्याची बाग जळते आणि त्याने न उपसलेलं पाणी शेजारी उपसतो. म्हणून कुणीच थांबत नाही, आणि सगळ्यांचं मिळून तेच होतं जे कुणालाच नको होतं.

या खेळाचं तळाचं गणित खडकात आहे. आपल्याकडे काळा पाषाण. पाणी धरतो तो वरचा मुरूम, मांजऱ्या आणि भेगाळलेला थर. त्याची पाणी सोडण्याची क्षमता साधारण एक ते तीन टक्के. दोन टक्के धरा. एक हेक्टर शिवाराखाली दहा मीटर जाडीचा थर पूर्ण भरलेला असेल तर त्यात उपसण्याजोगं पाणी किती? २,००० घनमीटर. एक हेक्टर उसाला वर्षाला लागतं साधारण २०,००० घनमीटर. आणि भर किती पडते? ६८० मिलिमीटर पावसातला दहा टक्के मुरला तर हेक्टरी ६८० घनमीटर. म्हणजे उसाचा एक हेक्टर दरवर्षी जवळपास तीस हेक्टरांची भर पितो. दोन-तीनशे फुटांखाली बहुतेक ठिकाणी नवं पाणी नसतंच. असते ती एखादी फट. केसिंग पाइप फक्त वरच्या कच्च्या थरापुरता बसवतात, त्याखालचं भोक उघडंच राहतं, आणि वरच्या भेगांचं पाणी त्या भोकातून खाली उतरतं. शेजारची विहीर कोरडी पडते ती बऱ्याचदा यामुळे. खोल बोअरला ‘लागलेलं’ पाणी पुष्कळदा वरच्याच विहिरीचं असतं.

आता काही जाणकार म्हणतात, एकदा सगळ्यांचे बोअर आटले की आपोआप शहाणपण येईल. धाकच संयम शिकवतो, शीतयुद्धात नाही का शिकवला? हीच दुसऱ्या मॅडची उलटी समजूत. अण्वस्त्रांच्या मॅडमध्ये खेळाडू दोन, विनाश तासाभराचा, आणि घाव कुणी घातला हे लपत नाही. तिथे बटण दाबलं की नाश, न दाबलं तर कालच्यासारखं जगणं चालू. बोअरच्या खेळात खेळाडू शेकडो, नाश दर उन्हाळ्यात दहा-वीस फुटांनी येणारा, आणि कुणी किती उपसलं हे कुणालाच दिसत नाही. इथे बटण न दाबणारा आधी मरतो. धाकाने संयम यायला लागणाऱ्या सगळ्या अटी इथे उलट्या आहेत. मग तो येईल कुठून?

आणि शीतयुद्धातही निव्वळ धाक पुरला नाही. १९६२ च्या क्युबा संकटातून जेमतेम वाचल्यावर १९६३ मध्ये मॉस्को आणि वॉशिंग्टन यांच्यात थेट संपर्काची सोय करावी लागली. २६ मे १९७२ रोजी मॉस्कोत क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणांवर मर्यादा घालणारा करार झाला. त्यातला कळीचा भाग मोजणीचा होता: प्रत्येक बाजू आपल्या उपग्रहांनी दुसरीवर नजर ठेवील आणि त्या नजरेत दुसरी बाजू अडथळा आणणार नाही. विश्वास नव्हताच, मोजता येत होतं म्हणून सही झाली. त्याच १९७२ मध्ये मराठवाड्यात खडी फोडणाऱ्या हातांच्या रांगा लागल्या होत्या. पुढच्या दशकांत आपल्याकडे यंत्रांनी खोल छिद्रं पाडण्याचं युग आलं, पण कुणाचं छिद्र किती खोल याची नोंद काही आली नाही.

मोजणीतला एक आकडा किती महाग पडू शकतो हे २६ सप्टेंबर १९८३ च्या रात्री दिसलं. सोव्हिएत इशारा यंत्रणेने अमेरिकेकडून पाच क्षेपणास्त्रं सुटल्याचं दाखवलं. ड्यूटीवरचे अधिकारी स्तानिस्लाव पेत्रोव्ह यांनी विचार केला: खरा हल्ला असता तर तो पाचांनी सुरू झाला नसता. त्यांनी तो इशारा खोटा ठरवला, आणि तो खोटाच होता. ढगांवरून परावर्तित झालेल्या उन्हाने उपग्रहाला फसवलं होतं. जमावाशी न जुळणारं वाचन ओळखणं, ही तर पहिल्या मॅडची कसोटी. दोन्ही अर्थ त्या एका खोलीत एकत्र आले होते.

गावात हीच कसोटी रोजच्या उपयोगाची आहे. मे महिन्यात सात विहिरींची पाणीपातळी काठापासून फुटांत मोजली: ३८, ४१, ३६, ४०, ३९, ४२, ९५. शेवटची विहीर मोजण्याआधी तासभर मोटार चालू होती. सरासरी ४७ येते आणि गावात हाकाटी होते की पाणी सात फुटांनी खाली गेलं. प्रमाण विचलन २१. ९५ हा आकडा सरासरीपासून फक्त २.२६ विचलनांवर, म्हणून तीन विचलनांपलीकडचा आकडाच संशयास्पद धरायचा या नियमात तो पकडला जात नाही. इथे एक गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते: आकडे दहा किंवा त्याहून कमी असतील तर त्या नियमात कुठलाही आकडा, कितीही भलता असो, पकडला जाऊच शकत नाही. जास्तीत जास्त अंतर म्हणजे आकड्यांच्या संख्येतून एक वजा करून त्या संख्येच्या वर्गमुळाने भागणं, सातांसाठी २.२७, दहांसाठी २.८५. ९५ च्या जागी ९५० असते तरी सुटले असते! मध्यक ४०, मॅड २. अंतर ५५ ला ०.६७४५ ने गुणून (हे १.४८२६ ने भागण्यासारखंच) २ ने भागा: १८.५. साडेतीनच्या पुढे गेलेलं वाचन पुन्हा तपासायचं, असा संकेत आहे. तपासायचं, खोडायचं नाही. मोटार आठ-दहा तास बंद ठेवून पुन्हा मोजा. तरीही ९५ आलं तर त्या विहिरीशेजारी नवा बोअर झाला आहे का ते बघा.

इथे सर्वांत गंभीर आक्षेपाला उत्तर द्यायला हवं. ‘वेगळे आकडे’ ओळखायची हत्यारं दिली की कुणीतरी दुष्काळाचं वर्षच वेगळं म्हणून यादीतून काढून टाकील, ही भीती खोटी नाही. पीकविम्यात उंबरठा उत्पादन (ज्याच्या खाली पीक गेलं की भरपाई मिळते) ठरवताना मागच्या सात वर्षांतली चांगली पाच घेतात. तिथे वाईट वर्षं वगळणं शेतकऱ्याच्या बाजूचं आहे, कारण उंबरठा उंच राहतो. पण पाच वर्षांच्या सरासरीशी भूजलपातळी ताडताना उलटं घडतं: पाणी दरवर्षी खाली जात असेल तर सरासरीही खाली सरकते आणि यंदाची घसरण किरकोळ दिसते. म्हणून वगळण्याचा अधिकार कुणालाच नको. सगळे आकडे फलकावर राहिले पाहिजेत, वेगळा आकडाही, त्याच्या कारणासकट. मॅड काही काढून टाकत नाही. जे वेगळं आहे त्याकडे बोट दाखवतो.

‘कायदा आहे की’, असंही म्हणतात. आहे. सार्वजनिक पाणी स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर नको, हे १९९३ पासून. राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्यात शेतीसाठी ६० मीटर, म्हणजे साधारण २०० फुटांखाली जायला मनाई. पण रात्री बाराला शिवारात उभ्या राहिलेल्या बोअरच्या गाडीने १८० फूट पाडले की ६००, हे कुणी मोजलं? न मोजलेल्या गोष्टीवर कायदा चालत नाही. उलट जायकवाडीचं पाहा. वरच्या धरणांतून पाणी सोडायचं की नाही हा वाद वर्षानुवर्षं तापलेला. मेंढेगिरी समितीने २०१३ मध्ये त्याला एक आकडा आणि एक तारीख दिली: १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल तर पाणी सोडायचं. आकडा किती असावा यावर भांडण चालूच आहे, चालेलही. पण नाथसागराची, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयाची, पातळी नाशिकलाही दिसते आणि पैठणलाही, म्हणून भांडण आकड्यावर तरी होतं. भारत आणि पाकिस्तान दर १ जानेवारीला आपापल्या अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात, १९९२ पासून, मध्ये कितीही ताण आला तरी. एका शिवेवरच्या दोन शेतकऱ्यांना एकमेकांच्या बोअरची खोली ठाऊक नसावी?

हे मराठवाड्याला परकं नाही. परभणी जिल्ह्यात चारठाण्याला, वालूरला जुन्या बारवा आहेत. बारवेच्या पायऱ्या फक्त उतरायला नव्हत्या; पाण्याला गेलेल्या प्रत्येकाला किती पायऱ्या उघड्या पडल्या हे दिसायचं. साठा गावासमोर उघडा होता. बोअरने हा साठा सहा इंची पाइपात झाकून टाकला. शेजारच्या, तेव्हाच्या एकत्रित आंध्र प्रदेशात २००३ नंतर सात दुष्काळी जिल्ह्यांतल्या शेकडो गावांत शेतकऱ्यांनी स्वतः पाऊस आणि विहिरी मोजून, ऑक्टोबरात पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवली. बंदी नव्हती, दंड नव्हता. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने सिंचनासाठी बोअर घ्यायचा नाही असं स्वतः ठरवलं, आणि तिथेही वर्षाचा पाण्याचा हिशेब ग्रामसभेत मांडला जातो. उसाची हमी, विजेचे दर, कारखान्यांचं राजकारण ही ओझी गावाच्या हातात नाहीत, हा आक्षेप पूर्ण मान्य. मोजल्याने ऊस आपोआप कमी होणार नाही. पण जो सांगतो ‘आधी धोरण बदला, मग आम्ही मोजू’, त्याने हे सांगावं: आपल्या शिवारात किती पाणी आहे हे ठाऊक नसलेलं गाव धोरणाकडे मागणार तरी काय?

सुरुवात अवघड नाही. गावात सात ते अकरा विहिरी निवडा, वरच्या अंगाच्या, मधल्या आणि ओढ्याकाठच्या. संख्या विषम असली की मध्यक शोधायला सोपं. प्रत्येकीच्या काठावर रंगाने एक कायमची खूण करा, कारण कधी कठड्यावरून आणि कधी जमिनीवरून मोजलं तर दोन-तीन फुटांचा फरक तिथेच पडतो. जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर, चार वेळा, पहाटे, मोटारी रात्रभर बंद ठेवून. धातूच्या टेपच्या शेवटच्या काही फुटांना खडू लावा, टेप सोडा. जिथवर खडू ओला झाला ती पातळी. टेप धरणारी माणसं दोन हवीत, दोन वेगवेगळ्या वाड्यांवरची. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर सगळी वाचनं, मध्यक, मॅड, आणि शेजारी त्या वर्षी पाडलेल्या प्रत्येक बोअरची फुटांतली खोली. तहसीलच्या पर्जन्य अहवालात जिल्ह्याच्या टक्केवारीशेजारी मंडळांचा मध्यक आणि मॅड हे दोन रकाने वाढवा. मंडळनिहाय पाऊस आजही रोज नोंदला जातोच. ऑक्टोबरची मोजणी रब्बीची पेरणी ठरायच्या आत झाली पाहिजे, हरभरा की गहू हे बियाणं घ्यायच्या आधी.